रेवस बंदर आणि बिनतारी माहिती-वहन : ‘रामदास’ दुर्घटनेपासून भ्रमणध्वनी-संगणक फाइल-देवाणघेवाणीपर्यंत (१९४७ ते २०२४)

बीजसंज्ञा : रेवस, बिनतारी संदेशवहन, ब्लूटूथ, वाय-फाय, मच्छीमार, अनुज्ञापत्र, सागरी सुरक्षितता.

प्रस्तावना :

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात, धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेले रेवस हे बंदर मुंबईकरांना ‘भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँचचे शेवटचे ठिकाण’ म्हणून परिचित आहे. समोर उरण तालुक्यातील करंजा, मागे आगरी-कोळी वस्तीची गावे आणि बाजूला मुंबईकडे जाणारा जलमार्ग अशी या बंदराची रचना आहे. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नामांतर रायगड असे झाले. परंतु मुंबईशी असलेले रेवसचे नाते त्यापूर्वीपासून आजतागायत समुद्रमार्गाचेच राहिले आहे.

भ्रमणध्वनीतील एखादी फाइल कोणतीही तार न जोडता संगणकावर पाठविणे, किंवा संगणकावरील फाइल भ्रमणध्वनीत घेणे ही आज इतकी सामान्य क्रिया झाली आहे की तिला इतिहास असू शकतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात तिची नोंद झालीच तर ती परदेशी कंपन्यांनी काढलेल्या उपकरणांच्या कालक्रमाच्या रूपाने होते. तथापि, माहिती बिनतारी मार्गाने कोणी कोणाला पाठवावी, त्यासाठी परवानगी कोणाची लागावी आणि ती वेळेवर न पोहोचल्यास त्याची किंमत कोणी मोजावी, हे प्रश्न मूलतः सामाजिक इतिहासाचे आहेत. रेवसच्या वाट्याला या प्रश्नांचे उत्तर १९४७ साली अत्यंत क्रूर स्वरूपात आले. त्या घटनेपासून आजच्या फाइल-देवाणघेवाणीपर्यंतच्या वाटचालीचा मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) रेवसच्या सागरी जीवनाच्या संदर्भात बिनतारी माहिती-वहनाच्या विकासाचे टप्पे निश्चित करणे.
२) अनुज्ञापत्रावर आधारित बिनतारी व्यवस्था आणि अनुज्ञापत्रमुक्त लघुपल्ल्याची व्यवस्था यांतील ऐतिहासिक फरक स्पष्ट करणे.
३) भ्रमणध्वनी व संगणक यांमधील थेट फाइल-देवाणघेवाणीचे किनारपट्टीवरील समाजासाठी असलेले महत्त्व तपासणे.

अभ्यासाची व्याप्ती व पद्धती :

प्रस्तुत अभ्यास ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीने केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. अभ्यासाचा कालखंड १९४७ ते २०२४ असा असला तरी पूर्वपीठिका म्हणून त्याआधीच्या काही घटनांचा निर्देश केला आहे.

१. पूर्वपीठिका : बिनतारीचे युग आणि मुंबईचा परिसर

विद्युत-चुंबकीय लहरींचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये मांडले आणि हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मधील प्रयोगांतून त्या लहरींचे अस्तित्व सिद्ध केले. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकाता येथे या लहरींच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजवून दाखविली, तर मार्कोनी यांनी डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संकेत पोहोचविला. समुद्रावर या शोधाचे मोल किती, हे एप्रिल १९१२ मध्ये जगाला कळले. ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा तिच्या बिनतारी यंत्राची हाक ‘कार्पेथिया’ या जहाजाने ऐकली आणि सुमारे सातशे जणांचे प्राण वाचले. यातूनच १९१४ मध्ये सागरी जीवित-सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला.

मुंबईच्या परिसरातही हे तंत्र लवकर आले. १९२७ मध्ये खडकी व दौंड येथील केंद्रांच्या आधारे इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. त्याच वर्षी २३ जुलै रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले. म्हणजे १९२७ पासून मुंबई लंडनशी बिनतारी बोलू शकत होती. परंतु ही सारी व्यवस्था साम्राज्याच्या, व्यापाराच्या आणि शहरी श्रोत्यांच्या गरजांभोवती उभी होती. शिवाय भारतीय तार अधिनियम, १८८५ व भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ या दोन कायद्यांनी संदेशवहनाची सूत्रे शासनाकडे ठेवली. यांपैकी दुसऱ्या कायद्यान्वये बिनतारी यंत्र अनुज्ञापत्राशिवाय नुसते बाळगणे हाही अपराध ठरला. हे तंत्र सामान्य माणसाच्या हाती जाणार नाही, अशीच त्याची कायदेशीर बांधणी होती.

२. ‘रामदास’ दुर्घटना : माहितीच्या अभावाचा इतिहास

१७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, ‘रामदास’ ही प्रवासी बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. स्वातंत्र्य एका महिन्यावर येऊन ठेपले होते आणि सणासाठी गावी निघालेल्या चाकरमान्यांची बोटीवर गर्दी होती. पावसाळी वाऱ्यात व खवळलेल्या पाण्यात काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि अल्पावधीत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भारताच्या प्रवासी जलवाहतुकीच्या इतिहासातील ही सर्वांत मोठ्या दुर्घटनांपैकी एक होय.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने यातील निर्णायक बाब अशी की, ‘रामदास’वर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. बोट सकाळी बुडाली. मुंबईला मात्र त्याची वार्ता दुपारनंतर, जिवंत राहिलेले लोक पोहत किनाऱ्याला लागल्यावर कळली. तोपर्यंत ज्यांना वाचविणे शक्य झाले, त्यांना योगायोगाने तेथून जाणाऱ्या कोळ्यांच्या होड्यांनी वाचविले. ‘टायटॅनिक’च्या नंतर ३५ वर्षांनी, ज्या शहरात बिनतारी केंद्र २० वर्षे कार्यरत होते, त्याच शहराच्या दृष्टिपथात असलेल्या समुद्रात सहाशे माणसे कोणालाही न कळता बुडावीत, हा केवळ निसर्गाचा कोप म्हणता येत नाही. तंत्र उपलब्ध होते. ते कोणाच्या वाट्याला आले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ होतो. खोल समुद्रातील मोठ्या जहाजांना बिनतारी आवश्यक मानली गेली, पण कोकणच्या चाकरमान्यांना नेणाऱ्या किनारी बोटीला ती आवश्यक वाटली नाही. बिनतारीच्या वाटपातील ही विषमता रेवसच्या इतिहासाचा आरंभबिंदू मानावी लागते.

३. एकमार्गी बिनतारी : आकाशवाणी ते उपग्रह

स्वातंत्र्योत्तर काळात मच्छीमारांपर्यंत पोहोचलेली पहिली बिनतारी म्हणजे ट्रान्झिस्टर रेडिओ होय. आकाशवाणीवरून प्रसारित होणारे हवामानाचे इशारे होडीवर ऐकता येऊ लागले. मात्र ही व्यवस्था एकमार्गी होती. मच्छीमार ऐकू शकत होता; त्याला काही सांगावयाचे असल्यास सोय नव्हती, आणि जे ऐकले ते जपून ठेवण्याचीही सोय नव्हती. वाऱ्याच्या आवाजात एखादा शब्द निसटला की तो निसटलाच.

पुढील टप्पा उपग्रहांचा. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांच्या उपग्रहीय नोंदींवरून मासळी कोठे एकवटण्याचा संभव आहे हे ठरविता येते. हैदराबाद येथे १९९९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, म्हणजे ‘इन्कॉइस’ने, अशा संभाव्य मत्स्यक्षेत्रांच्या सूचना मासळी-उतरण केंद्रांना पुरविण्याचे काम हाती घेतले. या सूचनांमध्ये ठरावीक केंद्रापासूनची दिशा, अंतर, पाण्याची खोली आणि अक्षांश-रेखांश दिलेले असतात. संगणकावर तयार झालेली ही माहिती आरंभी फॅक्स व दूरध्वनीने, नंतर बंदरांवरील इलेक्ट्रॉनिक फलकांवर आणि पुढे भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने पोहोचू लागली.

या क्रमात एक महत्त्वाचा बदल दडलेला आहे. फलकावरील माहिती बंदरावर उभे राहून वाचावी लागे. भ्रमणध्वनीतील माहिती मच्छीमाराबरोबर होडीत जाऊ लागली. ऐकून विसरण्याची वार्ता आता जवळ बाळगण्याचा दस्तऐवज झाली. फाइल या संकल्पनेचे सामाजिक महत्त्व येथून सुरू होते.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण झाले. किनारपट्टीवरील त्याच्या परिणामाचा सर्वांत गाजलेला अभ्यास केरळमधील आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासानुसार, १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर भ्रमणध्वनी आल्यानंतर सार्डिन मासळीच्या निरनिराळ्या बाजारांतील दरांची तफावत जवळपास नाहीशी झाली, मासळी वाया जाणे थांबले, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकांसाठीचा दर ४ टक्क्यांनी उतरला. माहिती वेळेवर मिळणे म्हणजे उत्पन्न वाढणे, हे त्यातून प्रथमच आकड्यांनी सिद्ध झाले.

४. लघुपल्ल्याची बिनतारी : किरणांपासून ब्लूटूथपर्यंत

भ्रमणध्वनी आणि संगणक यांना तारेविना जोडण्याचा पहिला व्यापक प्रयोग अवरक्त किरणांचा, म्हणजेच इन्फ्रारेडचा होता. या तंत्राचे प्रमाणीकरण करणारी ‘इर्डा’ ही संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. खांदेरी बेटावरील १८६७ चे दीपगृह ज्याप्रमाणे प्रकाशाने खूण देते, त्याचप्रमाणे येथेही प्रकाशाच्याच, परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या उघडझापीने माहिती जाते. दोन्हींची मर्यादाही एकच : समोर आडवे काही येता कामा नये. भ्रमणध्वनी संगणकासमोर स्थिर धरून ठेवावा लागे. आरंभीच्या ११५.२ किलोबिट प्रतिसेकंद या वेगाने ३ मेगाबाइटचे एक गाणे जाण्यास सुमारे साडेतीन मिनिटे लागत.

ब्लूटूथने ही अडचण दूर केली. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये या तंत्रावर काम सुरू झाले. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आय.बी.एम., इंटेल व तोशिबा या पाच कंपन्यांनी त्यासाठी गट स्थापन केला आणि दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याचे नाव या तंत्राला मिळाले. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उडी मारत हे यंत्र संदेश पाठविते. त्यामुळे इतर यंत्रांचा व्यत्यय टळतो. सुमारे १० मीटर अंतरात, यंत्र खिशात असले तरी काम होते. आरंभीच्या सुमारे ७२३ किलोबिट या कमाल वेगाने तेच गाणे साधारण अर्ध्या मिनिटात जाणे शक्य झाले. फाइल एका यंत्राने दुसऱ्यास कशी सोपवावी याचे नियम मात्र ‘इर्डा’कडूनच उसने घेतलेले होते.

याच काळात संगणकांसाठी ‘८०२.११’ हे बिनतारी जाळ्याचे प्रमाण १९९७ मध्ये आले आणि १९९९ पासून ते वाय-फाय या नावाने लोकप्रिय झाले. पुढे दोन्ही तंत्रांची सांगड घातली गेली. २०११ मध्ये आलेले ॲपलचे ‘एअरड्रॉप’, तसेच २०२० मध्ये ‘निअरबाय शेअर’ म्हणून आलेले आणि २०२४ मध्ये ‘क्विक शेअर’ असे नामांतर झालेले गुगलचे साधन, यांत जवळचे यंत्र शोधण्याचे काम मुख्यतः ब्लूटूथ करते, तर फाइल वाहून नेण्याचे काम वाय-फाय. दोहोंमध्ये आंतरजाल असावेच लागते असे नाही.

५. कायद्याचा बदल : २००५ ची अधिसूचना

उपरोक्त उपकरणांच्या इतिहासात भारतापुरता सर्वांत महत्त्वाचा दिनांक कोणत्याही कंपनीचा नसून शासनाचा आहे. २८ जानेवारी २००५ रोजीच्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात अल्पशक्तीची बिनतारी यंत्रे वापरण्यास अनुज्ञापत्राच्या अटीतून सूट मिळाली. १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र बाळगणाऱ्यास मुळात संशयित मानले होते. या अधिसूचनेने, निदान थोड्या अंतरापुरते, प्रत्येक नागरिकास बिनतारी प्रेषक होण्याची मुभा दिली. पुढे दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्ये १८८५ व १९३३ चे दोन्ही कायदे निरस्त करण्याची तरतूद झाली.

या मुभेचा पहिला मोठा उपयोग महाराष्ट्रातील गावोगावच्या तरुणांनी केला तो गाण्यांसाठी. मोबाईलच्या दुकानातील संगणकावरून गाणी ‘भरून घेणे’ आणि ती ब्लूटूथने मित्रांना देणे हा त्या दशकाचा सर्वपरिचित व्यवहार होता. त्यास करमणूक म्हणून दुर्लक्षिणे योग्य नाही. कारण त्यातून एका पिढीला फाइल, तिचा आकार, तिचा प्रकार आणि ती स्वीकारण्यापूर्वीची सावधगिरी यांचे शिक्षण मिळाले. सावधगिरीचे कारणही होते. जून २००४ मध्ये उघडकीस आलेला ‘कॅबिर’ हा भ्रमणध्वनीवरील उपद्रवी प्रोग्राम ब्लूटूथद्वारेच पसरत असे.

मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र हा व्यवहार अडखळला. त्या काळी संगणकावरील बहुतांश मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसून श्रीलिपी, आकृती यांसारख्या स्वतंत्र फाँटांत टंकित होत असे. अशी फाइल भ्रमणध्वनीत पोहोचे, पण उघडताच अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. रोमन लिपीतील मजकूर सुरळीत जाई; देवनागरी मजकूर छायाचित्र किंवा पीडीएफ करून पाठवावा लागे. युनिकोडचा प्रसार झाल्यानंतर आणि भ्रमणध्वनींना देवनागरी नीट दाखविता येऊ लागल्यानंतर ही अडचण ओसरली. माहिती पोहोचणे आणि माहिती वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा यातून मिळतो.

६. समुद्रावरील मर्यादा आणि ब्लूटूथचे पुनरागमन

सप्टेंबर २०१६ नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला आणि थेट फाइल-देवाणघेवाणीची जागा व्हॉट्सॲपसारख्या माध्यमांनी मोठ्या प्रमाणावर घेतली. टेबलाच्या एका बाजूच्या भ्रमणध्वनीतील कागद दुसऱ्या बाजूच्या संगणकावर पाठविण्यासाठी तो दूरच्या सर्व्हरमार्गे जाऊ लागला. जमिनीवर ही पद्धत सोयीची ठरली. समुद्रावर तिची मर्यादा लगेच उघडी पडली. भ्रमणध्वनीचे जाळे किनाऱ्यापासून साधारण १० ते १२ किलोमीटरपर्यंतच पोहोचते. नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मधील ओखी चक्रीवादळाने केरळ व तमिळनाडूच्या शेकडो मच्छीमारांना समुद्रात गाठले. त्यांपैकी अनेकांपर्यंत इशारा पोहोचूच शकला नव्हता. ‘रामदास’च्या वेळी बोटीची हाक किनाऱ्यापर्यंत आली नाही, ओखीच्या वेळी किनाऱ्याची हाक होडीपर्यंत गेली नाही. सत्तर वर्षांच्या अंतराने दरी तीच होती, केवळ दिशा उलटी झाली होती.

यावरील उपाय म्हणून ९ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘जेमिनी’ हे उपकरण प्रसृत करण्यात आले. ते ‘गगन’ यंत्रणेच्या उपग्रहांकडून इशारे व मत्स्यक्षेत्रांची माहिती घेते आणि ब्लूटूथद्वारे मच्छीमाराच्या भ्रमणध्वनीत उतरविते. तेथे ‘इन्कॉइस’चे ॲप ती ९ प्रादेशिक भाषांत दाखविते. इस्रोने विकसित केलेल्या संकट-संदेश यंत्राच्या २०२४ मधील दुसऱ्या पिढीतही भ्रमणध्वनीशी ब्लूटूथने जोडण्याची सोय आहे आणि संकटाचा संदेश केंद्राला मिळाल्याची पोच परत होडीवर येते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे सुमारे ३६० कोटी रुपयांच्या नौका-संपर्क योजनेचा आरंभ झाला. तिच्यात १ लाख मच्छीमार नौकांवर द्विमार्गी संदेशवहन करणारे ट्रान्सपाँडर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. गाण्यांसाठी वापरले गेलेले आणि कालबाह्य वाटू लागलेले दहा मीटरचे तंत्र अशा रीतीने उपग्रह व मच्छीमार यांच्यातील शेवटचा दुवा ठरले.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा हाच प्रश्न जमिनीवरही उभा राहिला. रायगड जिल्ह्यात अनेक ठिकाणी वीज व दूरसंचार सेवा विस्कळीत झाल्या. जाळे बंद पडले की सर्व्हरवरील फाइल असून नसल्यासारखी होते. भ्रमणध्वनीत उतरवून ठेवलेली आणि शेजारच्या यंत्राला थेट देता येणारी फाइलच तेवढी हाताशी राहते.

७. सुरक्षितता व पाळत

या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरविलेली स्फोटके आणि नोव्हेंबर २००८ मध्ये समुद्रमार्गे मुंबईत आलेले हल्लेखोर यांमुळे या किनाऱ्यावरील प्रत्येक होडीकडे सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. नौकांची नोंदणी व मच्छीमारांची ओळखपत्रे यांवर भर आला. जो ट्रान्सपाँडर वादळाचा इशारा देतो, तोच होडीचे स्थानही कळवितो. संकटसमयी हे वरदान होय. परंतु मासळीची जागा ही मच्छीमाराची पिढीजात व्यावसायिक माहिती असल्याने तिच्या नोंदी कोणाकडे राहतात, हा प्रश्न रास्त ठरतो.

किनाऱ्यावरही हीच स्थिती आहे. शासकीय योजनेसाठी आधारपत्र, बँक पुस्तक व नौकेची कागदपत्रे भ्रमणध्वनीतून सेवा केंद्राच्या संगणकावर द्यावी लागतात. ती सहसा संदेश-ॲपद्वारे जातात आणि तेथेच पडून राहतात. जून २०२० मध्ये केंद्र शासनाने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत शेअरइट व झेंडर ही फाइल-देवाणघेवाणीची लोकप्रिय ॲप होती, ही बाब या संदर्भात सूचक आहे. थेट देवाणघेवाणीत फाइल तिसऱ्याच्या सर्व्हरवर राहत नाही, हा तिचा गुण महत्त्वाचा आहे. तथापि समोरच्या संगणकावर उरलेल्या प्रतीचा प्रश्न तिनेही सुटत नाही. त्यासाठी काम होताच प्रत नष्ट करण्याची शिस्तच हवी.

निष्कर्ष :

१) ‘रामदास’ दुर्घटनेतील जीवितहानीस बिनतारीचा शोध नव्हे, तर तिच्या वाटपातील विषमता कारणीभूत ठरली.
२) आकाशवाणी व फलक यांनी किनाऱ्याला माहिती दिली, भ्रमणध्वनीने ती माहिती मच्छीमाराच्या ताब्यातील, साठविता येणारी फाइल बनविली.
३) २००५ च्या अधिसूचनेने लघुपल्ल्याच्या बिनतारीस अनुज्ञापत्रातून मुक्त केले. भ्रमणध्वनी-संगणक देवाणघेवाणीच्या भारतातील प्रसाराचा हा कायदेशीर पाया होय.
४) डेटा स्वस्त झाल्यामुळे थेट देवाणघेवाण मागे पडली, मात्र खोल समुद्रात व आपत्तीच्या काळात तिचे महत्त्व नव्याने सिद्ध झाले.
५) माहिती मराठीत वाचता येणे आणि तिच्या प्रतीवर धारकाचे नियंत्रण असणे, या दोन अटींशिवाय माहिती पोहोचली असे म्हणता येणार नाही.

समारोप :

रेवसच्या धक्क्यावर आज लाँचमधून उतरणाऱ्या बहुतेक प्रवाशांजवळ भ्रमणध्वनी असतो. १९४७ च्या त्या बोटीवर एकही बिनतारी यंत्र नव्हते. या दोन स्थितींमधील अंतर केवळ तंत्राने कापलेले नाही, ते कायद्याने आणि लोकांच्या रोजच्या वापराने कापले गेले आहे. किनारपट्टीवरील महाविद्यालयांनी आपल्या विस्तारकार्यात मच्छीमार सहकारी संस्थांना बरोबर घेऊन, जाळे नसताना फाइल थेट कशी घ्यावी व द्यावी, कोणती माहिती यंत्रात आधीच उतरवून ठेवावी आणि आपली कागदपत्रे दुसऱ्याच्या संगणकावर कशी उरू देऊ नयेत, याचे प्रशिक्षण १ जून ते ३१ जुलै या मासेमारी-बंदीच्या काळात देणे सहज शक्य आहे. ‘रामदास’ याच बंदीच्या महिन्यांपैकी जुलैत बुडाली होती, याचे स्मरण त्या वेळी ठेवले जावे.